लक्ष्मीचं माहेर ओढ्याकाठी

मैत्रिणींनो, दिवाळीच्या बाजारात पणत्या, बोळकी, लाह्या-बत्तासे, झेंडूची फुलं असं सगळं घेऊन झालं, की पिशवीत न मावणारी एक वस्तू आपण शेवटी हातात धरून घरी आणतो. फडा. कुणाकडे तिला केरसुणी म्हणतात, तर आमच्या सासूबाईंच्या तोंडी नुसतंच ‘लक्ष्मी’. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिला पाटावर मांडायचं, हळदी-कुंकू लावायचं आणि मगच ती वापरायला काढायची. पाय लागला तर पटकन हात लावून नमस्कार करायचा. तिन्हीसांजेला तिला हात लावायचा नाही. हे सगळं आपण आईकडून शिकलो आणि लेकींनाही शिकवतो. पण या लक्ष्मीचं माहेर कुठलं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलंय?

तिचं माहेर म्हणजे शिंदीचं झाड. नारळ, ताड, सुपारी, खजूर यांच्या कुळातलं. आमच्या बाजूला ओढ्याकाठी, पाझराच्या जागी, जुन्या विहिरीच्या तोंडाशी ते आपसूक उगवायचं. ‘उगवायचं’ असं म्हणते आहे, कारण आता ते मोजून दाखवता येईल इतकं कमी झालंय.

आमचं सोनारी परंडा तालुक्यातलं, काळभैरवनाथाचं गाव. चैत्रातल्या यात्रेला आलेल्यांना देवळाइतकीच इथली माकडंही आठवत असतील. एका बाजूला बालाघाटाच्या उतरत आलेल्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला सीनेचं खोरं, आणि मधे आमच्यासारखी कमी पावसाची गावं. इथं नारळ लावला तर जगतो, पण सतत पाणी मागतो. सुपारीचं तर नावच नको. शिंदी मात्र इथलीच. मुरमाड, खडकाळ जमीन, मार्च-एप्रिलचं ऊन, मधूनच खारवट लागणारं पाणी, कशालाच ती नाही म्हणत नाही. तिचं एकच म्हणणं असतं, खाली कुठंतरी ओल असू द्या. म्हणून तर जुनी माणसं शिंदी दिसली की ‘इथं पाणी वर असणार’ असा अंदाज बांधायची.

झाड डोळ्यांसमोर आणा. खोड सरळ, पण गुळगुळीत नाही. गळून गेलेल्या पानांच्या देठांचे खुंट त्यावर खवल्यांसारखे बसलेले. डोक्यावर राखाडी-हिरव्या पानांचा भरगच्च झुबका. एकेक पान आठ-दहा फूट लांब, आणि त्याच्या बुंध्याकडच्या पात्यांचे चक्क काटे झालेले. लांब आणि दाभणासारखे टोकदार. उन्हाळ्याच्या शेवटी नारिंगी-पिवळ्या फळांचे घोस लटकतात. फळ खजुराच्या धाकट्या बहिणीसारखं, पण गर अगदी पातळ, बी मोठी. लहानपणी आम्ही ती फळं चघळायचो. गोडापेक्षा तुरटच जास्त, तरी पुन्हा पुन्हा तोंडात टाकायचो. झाड विहिरीवर वाकलेलं असेल तर सुगरणीचे खोपे ठरलेलेच. खाली पाणी आणि वर काटे म्हटल्यावर साप-मांजरांची काय बिशाद!

हिची एक डोंगरी बहीण आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेतल्या डोंगरांपर्यंत ती आढळते, आपल्या सह्याद्रीतही. तिला डोंगरी शिंदी म्हणू या. ती बुटकी, कधी गुडघ्याएवढी, कधी माणसाच्या डोक्याच्या थोडी वर. डोंगरावरचं गवत पेटलं, वणवा येऊन गेला, तरी पावसात ती पुन्हा हिरवी होते. दक्षिणेत तिच्या पानांचेही झाडू करतात. आणि सह्याद्रीच्या ओल्या बाजूला, कोकणच्या घाटांत भेरली माड. त्याचं पान माशाच्या शेपटीसारखं कातरलेलं. लग्नाच्या मांडवाला, कमानीला ती पानं लावलेली तुम्ही पाहिली असतील. या भेरली माडाचं आयुष्य मोठं विलक्षण. तो वर्षानुवर्षं नुसता वाढत राहतो. मग एकदा फुलोरा धरला, की तो शेंड्याकडून एकेक करत खाली खाली येत जातो आणि सगळ्यांत खालचा घोस पिकला की झाड मरतं. नर्सरीत तो फार देखणा दिसतो म्हणून आमच्याकडच्या हौशी मंडळी घेऊन येतात. पण त्याला हवी दमट हवा आणि सावली. परंड्याच्या मे महिन्यात त्याची पानं कडेनं करपतात. शिवाय त्याच्या फळाचा गर हाताला लागला तरी खाज सुटते. घरात लहान मूल असेल तर विचार करूनच आणा.

आपल्या गल्लीतल्या ओळखीच्या झाडाची दुसरीकडे किती मिजास असते बघा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही आपली ओढ्याकाठची शिंदी मोठमोठ्या हॉटेलांसमोर शोभेसाठी रांगेनं लावतात. बंगालात थंडीच्या दिवसांत तिचा रस काढून त्याचा गूळ करतात. त्या ‘नोलेन गुडा’चे संदेश खायला लोक वर्षभर वाट बघतात. आणि आमच्याकडे? आमच्याकडे शिंदी म्हटलं की लोक आधी घोट आठवतात.

तिथंच तर घोडं अडलं. सांगते.

आमच्या गावात फडे करणाऱ्या एक मावशी येतात. फडे आणि दोर वळणं हे मातंग समाजाचं पिढ्यान् पिढ्यांचं काम, आणि मावशींच्या हातात ते असं बसलंय की बोलता बोलता फडा तयार. आधी पानं कापून आणायची, काटे छाटायचे, उन्हात वाळवायची. पाती देठावरून सुटी करून बारीक चिरायची, जुड्या बांधायच्या, मग मूठ पिळून घट्ट वळायची. वाचायला चार ओळी, करायला अख्खा दिवस. हाताला चरे पडतात ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास त्या नेहमीसारख्या आल्या, पण डोक्यावरचा भारा नेहमीच्या निम्म्यानंही नव्हता. म्हणाल्या, “बाई, पालाच नाही. पार तिकडं नदीच्या अंगाला जावं लागतंय, जीपचं भाडं फड्यात निघत नाही.”

पाला का नाही, ते मलाही दिसत होतंच. ओढा खोल-रुंद करायच्या कामात यंत्राच्या एका फेरीत काठची झाडं मुळासकट गेली. पाणी साठायला हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. दुष्काळात टँकरच्या रांगेत आम्हीच घागरी घेऊन उभ्या होतो. पण काठ धरून ठेवणारी झाडं काढल्यावर नवी लावायला कुणी फिरकलं नाही. काही झाडं बांधावरून गेली, काही विहिरींबरोबर बुजली. आणि शिंदी काही कडुनिंबासारखी दोन पावसाळ्यांत डोक्यावर जाणारी नाही.

दुसरं कारण आपल्या घरातच आहे. अंगण शेणानं सारवलेलं होतं तोवर फडा लागायचाच. आता फरशी आली. फरशीला मऊ फुलझाडू बरा पडतो. तो मेघालयाकडच्या डोंगरांतल्या उंच गवताच्या तुऱ्यांचा. बाहेरच्या सिमेंटला प्लॅस्टिकचा खराटा. मावशींच्या सूनबाईसुद्धा घर झाडायला प्लॅस्टिकचाच वापरतात, असं मावशीच हसत सांगतात. मग वर्षाला घरटी एक फडा उरला, तोही पूजेपुरता. उद्या तोही मिळाला नाही तर? आताच बाजारात चिमुकले, जरीची फीत लावलेले फडे दिसतात. हातभर सुद्धा नसतात. पूजा होते त्यांची, पण झाडून बघा बरं त्यांनी!

म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. आपल्यापैकी ज्यांची शेतं ओढ्याला लागून आहेत त्यांनी आपापल्या हद्दीत शिंदी लावू या. मला वाटलं सगळ्या लगेच हो म्हणतील. तर एकजण ताडकन उठली. म्हणाली, “शिंदीपायी माझ्या बापानं दोन एकर विकलं. मी माझ्या बांधावर ते झाड लावू? दुसरं काहीही सांग.” बैठकीत एकदम शांतता. खरं सांगते, तिला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हता. ज्या बायकांनी गावागावांत मतदान करून बाटली आडवी केली, त्यांच्यापुढे शिंदीचं कौतुक कसं सांगायचं?

मग दुसऱ्या जणींनी हळूहळू बोलायला सुरुवात केली. शिंदीचा रस पहाटे काढल्या काढल्या गोड असतो, त्यालाच नीरा म्हणतात. ऊन चढलं की हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टनं तो काही तासांतच आंबतो आणि त्याची ताडी होते. रस काढायला झाडाचा शेंडा छेदावा लागतो, रोज नवा काप घ्यावा लागतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय असा रस काढणं गुन्हा आहे. म्हणजे पाल्यासाठी झाड लावणं वेगळं आणि रसासाठी छेदणं वेगळं. ज्या झाडाचा शेंडा कुणी छेदत नाही ते झाड पानं देतं, फळं देतं, पाखरांना घर देतं. हे सगळं बोलून झालं तरी आमची ती मैत्रीण तयार झाली नाही. नाहीच झाली. आणि तिला कुणी आग्रह केला नाही, ते मला बरं वाटलं. बाकीच्या सहाजणींनी मात्र बी गोळा करायचं ठरवलं, आणि झाडं रस्त्यालगत न लावता शेतात, नजरेच्या टप्प्यात लावायची हेही ठरलं.

आता लावायचं कसं ते नीट सांगते, कारण आंब्याची कोय टाकली आणि विसरलो असं हे काम नाही.

फळं मेपासून जुलैपर्यंत पिकतात. झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण पिकलेली फळंच घ्या. पाण्यात एक-दोन दिवस भिजवा, गर चोळून काढा आणि बी स्वच्छ धुवा. गर राहिला की बुरशी आलीच. बी खारकेच्या बीसारखीच, एका बाजूला खोल रेघ असलेली. मग ती पुन्हा दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. इतकी टणक बी लवकर ओलावा घेत नाही, म्हणून ही घाई न करण्याची पायरी.

यानंतर ओलसर वाळूत किंवा ओल्या गोणपाटात दाबून सावलीत ठेवा. ओलसर म्हणजे मुठीत दाबली तर थेंब न गळणारी. उबेत मोड लवकर येतो, थंडीत रेंगाळतो. साधारण दोन-तीन महिने धरून चला. पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही म्हणून बी उकरून बघायचा मोह होतो, तेवढा आवरा.

मोड येतो तो बघण्यासारखा असतो. बीमधून आधी एक जाड पांढरा दोरा निघतो आणि सरळ जमिनीत खाली जातो. त्याच्या टोकाशी, बीपासून चांगलं खाली, मूळ फुटतं आणि तिथूनच पान वर येतं. बी राहते एका जागी आणि रोप उगवतं जरा बाजूला. पाणी शोधत आधी खाली जायचं, वरचं नंतर बघू, अशी कोरड्या मुलखातल्या झाडाची ही रीत. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच, की उथळ पिशवी किंवा पसरट कुंडी चालणार नाही. निदान फूटभर खोल पिशवी घ्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. खाली भोकं पाडा. मोड दोरीएवढा लांब व्हायच्या आत, अलगद, न मोडता पिशवीत लावा.

पहिलं पान बघून तुम्हाला वाटेल, हे तर गवत उगवलं. एकच अरुंद पातं. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्यानं खुरपणी करताना तशी चार रोपं गवत म्हणून उपटून टाकली! पिसासारखी चिरलेली खरी पानं पुढे कितीतरी महिन्यांनी येतात. तोवर पिशवीला खूण करून ठेवा आणि घरातल्या पुरुषमाणसांना दाखवून ठेवा.

पुढचा पावसाळा सुरू झाला की, रोप जमिनीत लावायचं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात गाळमाती आणि शेणखत. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. रोपाचा गाभा, जिथून नवं पान निघतं ती जागा, मातीत गाडली जाता कामा नये, नाहीतर पाणी साचून कुजते. दोन झाडांत दहा-बारा फूट अंतर ठेवा. पायवाटेपासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांबच. याचा काटा टोचला तर टोक आत मोडून राहतं आणि पिकतं. गुडघ्यात, बोटाच्या पेरात काटा गेला आणि सूज उतरत नसेल तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. आठवड्यातून एकदा, पण पोटभर. रोज लोटाभर दिलं तर मुळं वरच राहतात. आळ्यात पाचट किंवा वाळलेला पाला पसरा. दोन उन्हाळे निघाले की झाड आपलं आपण बघतं.

आणि माकडं! सोनारीत राहून त्यांना विसरून कसं चालेल? कोवळा गाभा ती ओढून काढतात. पाम कुळातल्या झाडाला वाढीचा डोळा असा एकच असतो, शेंड्यात. आंब्याची फांदी मोडली तर बाजूनं फुटवा येतो, शिंदीचा शेंडा गेला की झाड गेलं. आम्ही रोपांभोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. रोपाचे स्वतःचे काटे मोठे होईपर्यंत ते राखावं लागतं. भैरवनाथाची माकडं, त्यांना कोण काय बोलणार!

कीड म्हणाल तर नारळाला जी लागते तीच. गेंड्या भुंगा शेंडा कुरतडतो, आणि त्याची अळी वाढते उकिरड्यात. म्हणून झाडाजवळ कच्च्या शेणाचा ढीग नको. सोंड्या भुंगा त्याहून वाईट, तो ताज्या जखमेच्या वासावर येतो आणि खोड आतून पोखरतो. पामच्या खोडाची जखम आंब्या-लिंबासारखी भरून येत नाही, कायमची राहते. तेव्हा खोडावर कोयत्याचे घाव घालायचे नाहीत, खिळे ठोकायचे नाहीत. पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून टाकली की भुंग्याला आत शिरायला अडचण होते.

शिंदीत नर-मादी झाडं वेगळी असतात. फुलोरा येईपर्यंत कुठलं कोण ते कळत नाही, आणि फुलोऱ्याला बरीच वर्षं लागतात. फळं आणि पुढचं बी हवं असेल तर एकटं झाड लावू नका, सात-आठ मिळून लावा. पाल्यासाठी मात्र नर काय, मादी काय, दोन्ही सारखीच.

पाला किती काढायचा, हे मावशींनी आम्हाला दाखवलं. मधलं मिटलेलं, भाल्यासारखं उभं पान आणि त्याच्या भोवतीची कोवळी पानं यांना हात लावायचा नाही. खालच्या, बाहेरच्या वेढ्यातलीच कापायची, आणि तीही सगळी एकदम नाही. झुबका निम्म्याहून जास्त उरलाच पाहिजे. परगावचे पालेवाले ट्रॅक्टर घेऊन येतात आणि झाड बोडकं करून जातात. तसं झालेलं झाड पुढची दोन-तीन वर्षं बारीक, आखूड पानं देतं, असं त्या सांगत होत्या. झाड ज्याच्या बांधावर, त्यानंच कोयता कुणाच्या हातात द्यायचा ते ठरवावं.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या अँडीज पर्वतात मेणाचा पाम नावाचं झाड वाढतं. दोनशे फुटांपर्यंत उंच, जगातला सगळ्यांत उंच पाम. १९८५ साली त्या देशानं त्याला राष्ट्रीय वृक्ष केलं. तिथं ईस्टरच्या आधीच्या रविवारी लोक पामची पानं हातात घेऊन चर्चला जातात. त्यासाठी कोवळ्या मेणपामांचे शेंडे इतके तोडले जायचे, की त्या झाडांच्या खोडात घरटी करणारा पिवळ्या कानांचा एक पोपट संपायला आला. मग पक्षी वाचवणारी माणसं आणि धर्मगुरू एकत्र बसले आणि सणाला दुसऱ्या झाडांची पानं वापरायला लोकांना सांगितलं. पोपटांची संख्या पुन्हा वाढली. आपल्याकडे उलट आहे बघा. फडा घेणं थांबवलं तर मावशींचं काम थांबेल आणि झाड राखायचं कारणही जाईल. आपल्याला सण तसाच ठेवून झाडं वाढवायची आहेत.

मावशींना मी रोपं दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाला कधी निघायचा याचा?” मी म्हटलं, पाच-सहा वर्षं तरी धरा. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तवर माझे हात राहतील का?” यावर काय बोलणार? तेव्हापासून त्यांच्या नातीला आणि आमच्या गटातल्या दोघींना त्या सुट्टीच्या दिवशी मूठ वळायला शिकवतात. पाला लागतो थोडाच, तो त्या नदीकडून आणतात आणि त्याचे पैसे आम्ही गटातून देतो. माझी मूठ अजून सैल बसते. चार दिवसांत पाती निसटतात.

ज्यांच्याकडे शेत नाही, नुसतं परडं किंवा गच्ची आहे, त्यांनीही बी लावायला हरकत नाही. खोल ड्रममध्ये तीन-चार वर्षं रोप छान राहतं, मग ते माहेरच्या किंवा मैत्रिणीच्या शेतात पाठवा. आणि आषाढात माहेरी जाल तेव्हा ओढ्याकडे चक्कर मारा. पावसानं घोस गळून पडतात, झाडाखाली बी नुसती सांडलेली असते. वेचताना पायात चप्पल असू द्या आणि वर बघून चाला, खोप्यांतल्या पिलांचा कलकलाट चालू असतो. धुतलेली बी सावलीत कोरडी करून कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर गावाचं नाव आणि महिना लिहा. जितकी ताजी तितकी ती भरवशाची उगवते, म्हणून पुढच्या वर्षावर ढकलू नका.